खोली कुणाला द्यायची

यिक्के फरशीवरच बसली. सोफे घरातल्यांनी अडवले होते. सहा जण, हातात बिअरच्या बाटल्या. खोली मागायला आलेल्यांनी समोर खाली बसायचं, असा तिथला रिवाज.

ग्रोनिंगनचं विद्यापीठ सुरू होऊन दीड महिना झाला होता, तरी पहिल्या वर्षाची कितीतरी मुलं अजून खोलीच्या शोधात होती. एखाद्या घरात खोली रिकामी झाली की तिथली मुलं अशी संध्याकाळ ठेवत आणि जो सगळ्यांत जास्त आवडेल त्याला किल्ली देत. यिक्के रोज शेजारच्या फ्रिसलंड प्रांतातल्या गावाहून बस आणि मग गाडी पकडून येत होती. अशा संध्याकाळी तिला पाठ झाल्या होत्या.

"प्रत्येकानं आपली सगळ्यांत मोठी फजिती सांगायची," रुटगर म्हणाला. घरात सगळ्यांत जुना तोच. "आम्ही हसलो पाहिजे, एवढीच अट."

तिच्या शेजारचा सीत्से आपल्या नावावरच अडखळला. 'स' काही सुटेना. मान लाल झाली.

"सावकाश रे," रुटगर म्हणाला. "आम्हाला डिग्री मिळेपर्यंत वेळ आहे."

सोफे हसले. फरशी त्याहून मोठ्यानं हसली. खोली फरशीला हवी होती. यिक्केही हसली. मग तिला स्वतःचं हसू ऐकू आलं आणि कानशिलं तापली.

तिची पाळी आली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मलाच तुम्हाला विचारायचंय. पहिल्या वर्षी या घरात कोण कोण रडलं? आणि तेव्हा त्याचं दार कुणी वाजवलं?"

"घ्या! ही आपलीच मुलाखत घ्यायला लागली!" रुटगर ओरडला.

पुन्हा हशा पिकला. टोकाला बसलेली फेन्ना मात्र बाटलीवरचा कागद नखानं खरवडत म्हणाली, "मी रडले होते. कुणी नाही वाजवलं."

यिक्के उठली, कोट चढवला आणि गाडी पकडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रुटगरचा फोन आला.

"अभिनंदन! एकमतानं तूच. काय धमाल उडवलीस काल!"

"मी धमाल करत नव्हते."

"तेच तर! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही तुझ्या!"

"आणि माझ्या शेजारी बसला होता, तो मुलगा?"

"कोण? हां, तो. अगं, इथे त्यालाच जड गेलं असतं."

नाही म्हणायचं तिनं ठरवलं होतं. उद्या कळवते, एवढंच म्हणाली. संध्याकाळी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि गोठ्यातले बूट काढता काढता म्हणाली, "तत्त्वं अंथरून झोपता येत नाही, पोरी. खोली घे."

तिनं घेतली.

त्या घरात तिचं नाव 'फटकळ यिक्के' पडलं. भांडी कुणी घासायची यावरून ती तावातावानं बोलली की टाळ्या पडत. हसू नका म्हणाली की आणखी हसत. पाहुणे आले की रुटगर तिला हाक मारी, "यिक्के, बोल की यांना काहीतरी!" पुढे पुढे ती जेवणाची थाळी घेऊन वर जायला लागली. तिथेही खालचं हसू ऐकू येई.

फेब्रुवारीत दुसरी खोली रिकामी झाली.

"या वेळी प्रश्न तू विचारायचे," रुटगर म्हणाला. "तुझ्याइतकं कुणाला जमतंय?"

"मी नाही विचारणार. जो पहिला येईल त्याला देऊन टाकू."

"बघा! हेच म्हणत होतो मी!" त्यानं टेबलावर थाप मारली.

ठरलेल्या संध्याकाळी बाकीचे बिअर आणायला गेलेले असतानाच घंटा वाजली. दारात चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा उभा होता.

"हिद्दे. लवकर आलोय. मला उशीर सहन होत नाही."

"आणखी काय काय सहन होत नाही?"

त्यानं खरोखरच विचार केला. "आवाज. तळणाचा वास. लोक उगाच गळ्यात पडतात ते."

या घरात हा कुणालाही आवडणार नव्हता. यिक्केलाही तो आवडला नाही.

"खोली तुझी," ती म्हणाली.

"आणि मुलाखत?"

"झाली. चल, माळ्यावर जायचंय. एक गादी पडून आहे, ती खाली आणू."

बाकीचे परतले तेव्हा गादी अरुंद जिन्याच्या वळणावर अडकली होती. रुटगरनं बिअरचा क्रेट खाली ठेवला.

"हा कोण?"

"आपल्याकडे राहायला आलाय."

रुटगर हसला आणि इतरांकडे वळून पाहू लागला. त्यांना हसावं की नाही ते कळेना. "यिक्के, गंमत पुरे. मत कुणी दिलं याला?"

"कुणीच नाही."

"आणि आम्हाला नाही आवडला तर?"

"मलाही आवडलेला नाही."

"मी इथेच आहे," गादीमागून हिद्दे म्हणाला. "ऐकू येतंय मला."

यिक्केनं गादीला पुन्हा जोर लावला. ती तसूभरही हलली नाही. उद्या हीच मंडळी तिची किल्ली परत मागतील, हे तिला दिसत होतं. तिनं हात काढला नाही.

फेन्ना रुटगरच्या बाजूनं अंग चोरून दोन दोन पायऱ्या चढत वर आली आणि तिनं गादीखाली खांदा घातला.

"डावीकडे वळव," ती म्हणाली. "आता उचल."

गादी सुटली.

खाली घंटा वाजली. परत वाजली. रुटगरनं जिन्याकडे पाहिलं, पण तिथे आता फक्त गादीची पाठ दिसत होती. बराच वेळ थांबून त्यानं दार उघडलं. त्याचा आवाज वरपर्यंत आला. नेहमीपेक्षा पुष्कळ हळू.

"सॉरी," तो कुणाला तरी सांगत होता, "खोली गेली."