स्टेपनीचा सोमवार

अहो, इकडे. गाडीच्या मागच्या बाजूला या. पुढून सगळेच फोटो काढतात. बोलतेय ती मी, या काळ्या गाडीची स्टेपनी.

कारखान्यातून आम्ही पाच चाकं एकाच दिवशी बाहेर पडलो. चार गाडीखाली गेली आणि मला मागे टांगलं. त्या चौघांनी घाट पाहिले, चिखल तुडवला, झिजली आणि बदलली गेली. मी मात्र मागे पडत जाणारा रस्ता बघत जन्म काढला. आपली वेळ कधी येते म्हणून नुसती ताटकळले. आता इथे संग्रहालयात माझ्याजवळ पाटी लावली आहे, 'कधीही न वापरलेली मूळ स्टेपनी'. लोक ती वाचून 'वा!' म्हणतात. यात वा म्हणण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी होती एका डॉक्टरांची, चालवायचे तात्या. दर सोमवारी सकाळी तात्या चारी चाकांची हवा बघायचे आणि मग माझ्याकडे यायचे. अंगठ्याने दाबायचे, टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे. "काय गं, बरी आहेस ना?" म्हणायचे. आठवड्यातून एकदा का होईना, माझी कुणी विचारपूस करत होतं. खरं सांगते, त्या एका सोमवारसाठी मी बाकीचे सहा दिवस कसेबसे काढायचे.

मग मुलीच्या लग्नासाठी तात्यांनी दहा दिवसांची रजा घेतली. जाण्याआधी माझ्यात हवा भरली, दाबून पाहिली आणि गेले. त्याच रात्री माझ्या व्हॉल्व्हमधल्या पिनेचं रबर चिरलं. केसाएवढ्या फटीतून हवा जाऊ लागली. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला आणि कसं?

आठव्या दिवशी डॉक्टरांना फोन आला. दुसऱ्या गावी त्यांची आई अखेरच्या घटका मोजत होती. डॉक्टर स्वतःच गाडी घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत मागचं चाक पंक्चर झालं. त्यांनी मला उतरवलं. माझी वेळ आली होती, आणि मी जमिनीवर चपटी होऊन बसले. डॉक्टर भर उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिले. ते पोचले तेव्हा सगळं संपून तास झाला होता.

तात्या परतले, तेव्हा डॉक्टर गाडीजवळच उभे होते.

"तात्या, तुमच्या भरवशावर निघालो होतो मी."

"मी हवा भरली होती, डॉक्टर."

"मग गेली कुठे?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि माझी तर दातखीळ बसलेली. तात्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालू लागले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर त्या घरात माझी हवा कुणी बघितली नाही.

डॉक्टर वारल्यावर त्यांच्या मुलीने गाडी या संग्रहालयाला दिली. दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, बाहेर अंगणात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. काचेत बघून केस सारखे करणारे, हॉर्न वाजवायला हात शिवशिवणारे, 'आमच्या आजोबांकडे डिट्टो अशीच होती' अशी थाप ठोकणारे, सगळी गर्दी पुढे. मागे चिटपाखरू नाही. दुपारी एक म्हातारा काठी टेकत थेट माझ्यापाशी आला आणि त्याने अंगठा दाबला. अंगठा मी लगेच ओळखला.

"हवा कधी भरली हो?" तात्यांनी संग्रहालयाच्या मेस्त्रींना विचारलं.

"परवाच. भरतो आणि बसते. मूळ वस्तू बदलायची नाही असा इथला नियम, मग काय करणार?"

तात्यांनी बोटाला थुंकी लावली आणि ते बोट व्हॉल्व्हवर फिरवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बारीक बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. तात्या तसेच वाकलेले राहिले.

प्रदर्शनाला आलेली डॉक्टरांची मुलगी लगबगीने आली. "आजोबा, बरं वाटत नाही का?" मग तिने नीट पाहिलं. "तात्या?"

"ताई, मी भरली होती," तात्या म्हणाले. "पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, लग्नाच्या गडबडीत विसरलो असेन. तीस वर्षं आठवून बघतोय. भरली होती मी."

तिने वाकून व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. "बाबा असायला हवे होते," ती म्हणाली.

"परवानगी काढून पिन बदलतो," मेस्त्री म्हणाले.

"नको," तात्या म्हणाले. "राहू द्या तशीच."

तात्यांनी पंप मागून घेतला. मेस्त्री नको नको म्हणत असताना धापा टाकत स्वतः हवा भरली, टकटक केली, कान दिला. "बरी आहेस ना?" म्हणाले. "सोमवारी येतो."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. दुसऱ्या दिवशी या दालनाला कुलूप होतं. फाटकापाशी काठी वाजली आणि पहारेकऱ्याचा आवाज आला, "बंद आहे, आजोबा." काठी थोडा वेळ तिथेच थांबली आणि मग दूर गेली. पुन्हा काही तो आवाज आलेला नाही.

तुम्ही आता बाहेर पडाल. वाटेत काठी टेकत जाणारे कुणी आजोबा दिसले, तर माझं एवढं काम करा. त्यांना म्हणावं, मंगळवारी या. आणि जरा लवकर या म्हणावं, हवा जातेय.