अरुंद आकाशातली सोबत

नदीपलीकडचं आकाश अरुंद झालं आहे, ही बातमी टेहळणीच्या विमानाने आणली. उतरल्यावर वैमानिकाने आम्हाला आपल्या पंखाचं टोक दाखवलं. तिथे निळा चुना लागला होता.

"दोन्ही बाजूंनी आत आलंय," तो म्हणाला. "मधे एखाद्या मैदानाएवढी जागा उरलीय."

मेकॅनिकने तो चुना पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढला आणि आम्ही जेवायला गेलो.

मी तेव्हा लढाऊ विमान चालवत होतो. आमच्या तुकडीचं काम बॉम्बफेकी विमानांना सोबत करण्याचं. ती विमानं जड आणि संथ. आम्ही त्यांच्या आजूबाजूला राहायचं, शत्रूची विमानं अंगावर आली की मधे पडायचं आणि त्यांना घरी आणायचं. आमचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर सबनीस. ते इतके बुटके होते, की बाहेरचं दिसावं म्हणून घोंगडीची घडी खाली घेऊन बसत. त्यांनी शत्रूची फारशी विमानं पाडली नव्हती. दुसऱ्या तुकड्यांतले वैमानिक त्यावरून आमची चेष्टा करत. पण सबनिसांच्या सोबतीने गेलेलं एकही बॉम्बफेकी विमान परत यायचं राहिलं नव्हतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "सर, पळणाऱ्या विमानाच्या मागे तुम्ही का जात नाही?"

"मागे गेलो की यांना सोडावं लागतं, रेगे," ते म्हणाले.

त्या दिवसांत डोंगरावर आपली एक पलटण अडकली होती. नदीपलीकडे, खूप आत, एका दरीवर लोखंडी पूल होता आणि शत्रूचे रणगाडे त्या पुलावरून येत होते. पूल पडला तर पलटण वाचणार होती. म्हणून आकाश अरुंद झालं तरी जायचं ठरलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची सगळी तुकडी बरोबर होती. नदी ओलांडली आणि इंजिनांचा आवाज बदलला. रिकाम्या घरात बोललं की घुमतो, तसा तो घुमायला लागला. डावीकडे आणि उजवीकडे निळ्या भिंती होत्या. त्या थेट खाली जंगलापर्यंत गेल्या होत्या आणि वरती छताला मिळाल्या होत्या. छताला ढगांचे पोपडे आले होते. भिंतींमध्ये कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात, समई ठेवावी तसं, शत्रूचं एकेक विमान ठेवलेलं होतं. आम्ही जवळ गेलो की ते पेटायचं आणि बाहेर यायचं.

सबनिसांनी त्यांचा पाठलाग केला नाही. जे विमान बाहेर यायचं, त्याच्या आणि बॉम्बफेकी विमानांच्या मधे ते जाऊन उभे राहायचे. उभे राहायचे असंच म्हणावं लागेल, कारण तेवढ्या जागेत ते विमान इतकं हळू चालवत, की पडायला हवं होतं. ते पडलं नाही. त्या दिवशी सगळी विमानं परत आली, पण पुलाचा फक्त कठडा तुटला होता.

दुसऱ्या वेळी आकाश एखाद्या गल्लीएवढं उरलं होतं. आम्ही एकामागे एक गेलो. भोवळ आलेल्या आमच्या एका वैमानिकाचा पंख भिंतीला लागला. भिंतीने तो पंख हळूच आत घेतला, मग विमान घेतलं आणि मग ती पुन्हा सपाट झाली. त्याचं नाव बेंद्रे होतं. त्याला शिट्टी वाजवायची सवय होती. परत आल्यावर आम्ही जेवणाच्या तंबूत गेलो. सबनीस त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले आणि त्यांनी पूर्ण जेवण केलं. आम्हालाही करायला लावलं.

पूल एका बाजूने वाकला होता, पण उभा होता.

तिसऱ्या वेळी एकच बॉम्बफेकी विमान जाईल एवढी वाट राहिली होती. ते फ्लाइट लेफ्टनंट गुप्त्यांचं विमान. उंच, हसरे गुप्ते सबनिसांचे जुने मित्र होते. विमानाच्या शेपटीत, काचेच्या घुमटात, मशीनगन घेऊन वॉरंट ऑफिसर पाटोळे बसायचे. उड्डाणाआधी गुप्ते आमच्याकडे आले.

"सबनीस, आम्ही एकटेच जातो," ते म्हणाले. "तुझ्या विमानांना तेल पुरायचं नाही."

ते खरं होतं. कणीक वळली की लांबते, तसं आकाश अरुंद होताना लांब झालं होतं. पूल आता पूर्वीपेक्षा फार दूर होता. गुप्त्यांच्या विमानात जाऊन परत येण्याएवढं तेल मावत होतं, आमच्या विमानांत जाण्यापुरतंच.

"मी खाली राहतो," सबनीस म्हणाले. "कोनाडे खालच्या अंगाला जास्त आहेत."

"अरे, ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"ऐकलं. तू वेग वाढवू नकोस, मला तुझ्याबरोबर राहता आलं पाहिजे."

गुप्त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आपल्या विमानाकडे गेले. सबनीस माझ्याकडे वळले.

"तू नदीपर्यंत ये. नदीवर वळायला जागा आहे. तिथून परत फिर."

"हो, सर," मी म्हणालो.

नदी आली तेव्हा मी वळलो नाही. मला भीती वाटत होती. पण खाली बघितलं तर सबनिसांचं छोटं विमान गुप्त्यांच्या पोटाखाली, वासरू गाईखाली चालतं तसं, चाललं होतं आणि मागची बाजू मोकळी होती. मी गुप्त्यांच्या शेपटीमागे जाऊन लागलो.

"रेगे," रेडिओवर सबनिसांचा आवाज आला. "नदी मागे गेली."

"हो, सर."

"मग जवळ ये," ते म्हणाले. "अजून जवळ."

मी इतका जवळ गेलो, की पाटोळ्यांच्या मिशा दिसायला लागल्या. पुढे रेडिओची गरजच उरली नाही. हवा पेटीत बंद केल्यासारखी स्थिर होती आणि साधं बोललेलं ऐकू येत होतं.

"साहेब, डावा पंख जरा वर घ्या," पाटोळे म्हणाले. "भिंत वास घेतीय त्याचा."

मी पंख वर घेतला. छत माझ्या डोक्यावरच्या काचेला घासत होतं. ढगांचे पोपडे गळून काचेवरून मागे जात होते. भिंती बघवत नव्हत्या, म्हणून मी फक्त पाटोळ्यांच्या मिशांकडे बघत राहिलो.

पूल दिसला तेव्हाच उजव्या भिंतीतला शेवटचा कोनाडा पेटला. तो आमच्यापेक्षा बराच पुढे होता, गुप्ते तिथून जाणार त्याच वाटेवर. आतल्या विमानाचं नाक बाहेर आलं. गुप्त्यांना बाजूला होता येत नव्हतं. बाजूला जागाच नव्हती.

"गुप्ते, सरळ राहा," सबनीस म्हणाले.

"सरळच आहे रे."

सबनीस त्यांच्या पोटाखालून पुढे निघाले. कोनाड्यापाशी पोचल्यावर त्यांनी जे केलं, ते करायला तिथे जागा नव्हती. अंथरुणात शेजारी झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून आई जशी कूस बदलते, तसं त्यांनी आपलं विमान तेवढ्याशा हवेत वळवलं आणि कोनाड्यात घातलं. शत्रूचं विमान आत दाबलं गेलं. ठिणग्या उडाल्या. मग कोनाड्यातला उजेड विझला आणि त्याच्या तोंडाशी सबनीस बसलेले दिसले, घोंगडीवर ताठ, दोन्ही हात कामात.

आम्ही त्यांच्या अगदी जवळून गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते गुप्त्यांच्या पंखाचं टोक भिंतीला लागत नाही ना, ते बघत होते.

"मी इथे थांबतो," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

गुप्त्यांनी बॉम्ब सोडले. पूल मधोमध उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला आणि मग रणगाड्यांसकट दरीत गेला. त्याचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. आवाज यायला आता जागा नव्हती.

दरीवर आकाश थोडं मोठं होतं. तिथे आम्ही वळलो आणि परत निघालो. कोनाडा जिथे होता तिथे भिंत सपाट झाली होती, नवी निळी, अजून ओली.

"सबनीस," गुप्त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली. गुप्त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने माझं तेल संपलं. इंजिन दोनदा खोकलं आणि पंखा थांबला. खाली जंगलही आता दिसत नव्हतं, तिथेसुद्धा निळं आलं होतं. मी खुर्चीचे पट्टे सोडायला लागलो.

"काय करताय, साहेब?" पाटोळ्यांनी विचारलं.

"तेल संपलं, पाटोळे."

"मग पुढं या की थोडं."

मी उरलेल्या वेगावर विमान पुढे सरकवलं. पाटोळ्यांनी घुमटाची काच सरकवली, हात बाहेर काढला आणि माझ्या थांबलेल्या पंख्याचं पातं धरलं.

"गुप्ते साहेब, रेगे साहेबांना धरलंय," ते ओरडले. "दमानं घ्या."

"सोडू नका," गुप्ते म्हणाले.

"सोडतोय कशाला!"

असे आम्ही निघालो. पाटोळ्यांचा एक हात माझ्या पात्यावर होता आणि दुसरा मशीनगनवर. त्यांचा बाहेरचा हात मनगटापर्यंत निळा झाला होता. मी त्यांना दुखतंय का विचारलं. ते म्हणाले, दुखत नाही, फक्त गार लागतंय. भिंती जवळ येत होत्या. गुप्ते वेग आणखी कमी करत होते, मागून ओढत आणलेल्या माझ्या विमानाला धक्का बसू नये म्हणून. मोठं विमान इतक्या हळू चालवलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा डाव्या भिंतीच्या आतून आवाज यायला लागला.

लहान विमानाच्या इंजिनाचा आवाज होता तो. जाड गादीखालून यावा तसा दबका, पण नेमका आमच्या शेजारी. गुप्त्यांनी वेग कमी केला की तोही कमी व्हायचा. तो पुढे गेला नाही आणि मागेही पडला नाही. भिंत जिथे जिथे पंखाकडे झुकत होती, तिथे तो आवाज आधी पोचायचा आणि भिंत पुन्हा ताठ व्हायची.

पाटोळ्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग डाव्या भिंतीवर रोखलेली मशीनगन त्यांनी हळूच उचलली आणि उजवीकडे वळवली.