व्यंकटीमामांच्या कागदांची बॅग

मी बोलतेय, दारामागच्या खिळ्यावरून. मी रेक्झिनची एक काळी बॅग; कड उसवलेली, चेन अर्ध्यातच अडकणारी. बघून खरं वाटणार नाही, पण नायगावच्या या घराची सगळी अब्रू वीस वर्षं माझ्या पोटात होती.

नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानात मला शिवलं. तहसीलमध्ये शिपाई असलेल्या व्यंकटीमामांनी मला विकत घेतलं, ते त्यांच्या लेकीला, बुद्धप्रियाला, पहिलीत घातलं त्या वर्षी. शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, रेशनकार्ड, मामांचा नेमणुकीचा आदेश, सगळं माझ्यात. वर प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स! एका कागदावाचून अडलेली माणसं मामांनी साहेबांच्या दाराशी जन्मभर पाहिली होती. आपल्या लेकीचं तसं काही अडू नये, एवढाच त्यांना ध्यास. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाला आम्ही कितीतरी रांगांत उभे राहिलो. मला रांग आवडायची. रांगेतला माणूस बॅग छातीशी धरतो.

मग बुद्धप्रियाला जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आता व्हिसाचा अर्ज, म्हणजे मोठी रांग, असं म्हणून मी तयारीत होते. पण पोरीनं एकेक कागद ओट्यावर उन्हात मांडला, मोबाईलवर स्कॅन केला आणि परत माझ्यात ठेवला.

"झाला अर्ज," ती म्हणाली.

"झाला कसा? कागद तर इथंच हाईत की!" मामा म्हणाले.

मलाही तेच विचारायचं होतं. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

बोटांचे ठसे आणि पासपोर्ट द्यायला तेवढी ती मुंबईला जाऊन आली. अर्जात मोबाईल नंबर तिनं मामांचा टाकला होता. आमच्याकडं लेकीच्या प्रत्येक फॉर्मवर बापाचाच नंबर असतो, ती पहिलीपासूनची सवय.

विमान शनिवारचं, हैदराबादहून. गुरुवारी दुपारी कुरिअरवाला वीरेश व्हिसा लागलेला पासपोर्ट घेऊन दारात आला. बुद्धप्रिया अनुभवाचा दाखला आणायला लातूरला गेलेली.

"मामा, मोबाईलवर नंबर आला असल बघा. तेवढा सांगा, पाकीट देतो."

मामांचा चेहराच बदलला. बँकेच्या साहेबांनी गावात सभा घेऊन बजावलं होतं, असला नंबर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. आणि मामांना हुकूम म्हणजे हुकूम.

"न्हाई सांगत. ह्या बॅगेत समदे पुरावे हाईत, कोणता पायजे ते बघ."

"पुरावा नको मामा, नंबर पायजे."

"असल्या फसवणुका लई ऐकल्यात. चल, निघ."

लेकीला फोन लावला, लागेना. वीरेश तरी काय करणार? पाकीट घेऊन गेला. मी मात्र खिळ्यावर खूश होते. पुराव्याला नको म्हणणारा माणूस खरा असेल तरी कसा, असं मला वाटलं.

संध्याकाळी बुद्धप्रियानं हे ऐकलं. "बाबा, तो खराच होता! उद्या न्हाई घेतलं तर पाकीट मुंबईला वापस जातंय. मग विमान बी गेलं अन् नोकरी बी."

मामांना घास गेला नाही. "म्या घालवलं, म्याच आणतो," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं नांदेडला. कुरिअरच्या ऑफिसात मामांनी मला उघडून दाखला, रेशनकार्ड, नेमणुकीचा आदेश, सगळं काउंटरवर मांडलं. तिथल्या मुलीनं आधारकार्ड तेवढं पाहिलं. "काका, नवा नंबर पाठवलाय. सांगा."

मामा घुटमळले. मग ताठ उभे राहिले. "आधी तुमचं ओळखपत्र दाखवा."

मुलीला हसू आलं, पण तिनं गळ्यातलं कार्ड पुढं केलं. मामांनी ते अक्षर न् अक्षर वाचलं, मागंपुढं पाहिलं आणि वाकून सहा आकडे कुजबुजले. पाकीट हाती आलं. ते माझ्यात ठेवून त्यांनी मला जे पोटाशी धरलं, ते नायगाव येईपर्यंत हात सैल केला नाही. माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं काम.

शनिवारी निघताना मामा म्हणाले, "बॅग ने संगं."

"समदं मोबाईलात हाय, बाबा. बॅग तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." पासपोर्ट तिनं पर्समध्ये घातला. तेव्हापासून मी इथं आहे. माझ्यात आता जुने कागद आणि झेरॉक्स आहेत, आणि ते फोडलेलं रिकामं पाकीट मामांनी घडी करून ठेवलंय.

परवा तिचा फोन आला. "बाबा, एक नंबर आला असल तुमच्याकडं. सांगा की."

"आधी सांग, तुला पहिलीत घातलं तवा शाळेत कोण रडलं?"

"तुम्ही!" ती तिकडून हसली.

मग मामांनी एकेक आकडा सावकाश वाचला. मधे जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, मग पुढचा आकडा.

"तुमाला उगं तरास होतोय बाबा," ती म्हणाली. "आता समदीकडं माझाच नंबर टाकते."

मामा म्हणाले, "नको बाई. तेवढ्यापायी तरी तुझा फोन येतो."

माझं काय, मला उद्या भंगारात दिलं तरी तक्रार नाही. पण दूर गेलेल्या लेकरांनो, एवढं ऐका. अर्जातला बापाचा नंबर तेवढा बदलू नका.