काबरीची बांग

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे आणि मी आरवते. हे ऐकून तुमच्यातलं कोणी दचकलं असेल, तर खुशाल दचका. माझ्यामुळे माणसं पुष्कळदा दचकली आहेत, आणि मी अजून दाणे टिपते आहे.

काळ्या पिसांवर पांढरे ठिपके, म्हणून माझं नाव काबरी. दिघीच्या खाडीकाठी सगुणाचं घर आहे. त्या घराच्या मागल्या परड्यात, गवताच्या पेंढीवर, मी अंडं फोडून बाहेर आले. सगुणाचा नवरा धर्मा शिडाच्या मचव्यावर खलाशी. घरी सगुणा आणि तिची सासू सोनूबाई. सगुणाचा आवाज इतका हळू, की दाणे टाकताना ती "ती ती ती" म्हणायची तेही आम्हाला मान वाकडी करून ऐकावं लागे. सोनूबाईंचा आवाज मात्र पलीकडच्या तीरावर आगरदांड्याला पोचत असावा.

आमचा कळप म्हणजे घराला जडलेली कटकट होती, हे मी कबूल करते. सगुणानं अंगण सारवलं, की ओल्या शेणावर पहिलं पाऊल आमचं. सुकत घातलेल्या जवळ्यावर लांडी तुटून पडे. तिची शेपटी कुत्र्यानं तोडली होती, तरी चालायची मात्र राणीसारखी. दुपारी चुलीतल्या राखेच्या ढिगात सगळ्याजणी अंग घोळून घ्यायच्या आणि तशाच ओटीवर जाऊन पंख झाडायच्या. सोनूबाई केरसुणी घेऊन धावत.

"मेल्यांनो, माझ्या जिवावर उठल्यात! सगुणा, हाकल गो यांना!"

सगुणा हाकलायची, पण तिच्या हाकलण्याला आम्ही कधी भीक घातली नाही.

मला घरच्या टोपलीत अंडं घालायला आवडत नसे. मी दगडी गडगा ओलांडून शेजारच्या जहुराबीकडे, नारळाच्या सोडणांच्या ढिगात जाऊन बसायची. जहुराबी अंडं उचलून गडग्यावरून सगुणाच्या हातात द्यायची. कधी म्हणायची, "आजचं माझ्या पोराच्या, नुरुद्दीनच्या पोटात गेलं हां. तुझी काबरी माझ्या जागेत बसते फुकट, तिचं भाडं!" मग दोघी हसायच्या.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला लाल्या होता, आमचा कोंबडा. घार दिसली की तो ओरडायचा आणि पिल्लं करवंदीच्या जाळीत शिरायची. गडग्याला टेकलेल्या पेरूच्या झाडावर त्याची ठरलेली फांदी होती. पहाटे तिथून उतरून गडग्यावर उभा राहायचा आणि बांग द्यायचा. आश्विनाच्या सुरुवातीला एका तिन्हीसांजेला कोल्हा आला. पिल्लांच्या आणि कोल्ह्याच्या मधे लाल्या उभा राहिला. पिल्लं वाचली. सकाळी परड्यात तांबडी पिसं होती.

दुसऱ्या दिवशी घार आली. वर कोणी पाहिना, कोणी ओरडेना. मग मी ओरडले. मित्रांनो, मला कोणी सांगितलं नव्हतं. लांडी दुसऱ्या कोंबडीशी भांडली तेव्हा मधे मीच पडले. त्या संध्याकाळी मी खुराड्यात गेले नाही, पेरूच्या फांदीवर चढले. आणि पुढच्या एका पहाटे गडग्यावर उभी असताना माझ्या गळ्यातून तो आवाज निघाला. पहिल्यांदा निघाला तो विहिरीच्या न वंगणलेल्या रहाटासारखा. पुढे जमू लागला.

त्याच सुमारास सगुणानं व्रत धरलं होतं. धर्मा मंगलोरी कौलं आणायला मचव्यावर गेला होता. तो सुखरूप परत यावा म्हणून ती कार्तिकस्नान करी. आश्विनी पुनवेपासून कार्तिकी पुनवेपर्यंत, रोज सूर्य उगवायच्या आत विहिरीवर न्हायचं आणि ओल्यानं तुळशीपुढे दिवा लावायचा. एक दिवस चुकला तर सगळं व्रत वाया. घरात घड्याळ नव्हतं. दिवसभर भातकापणी करून ती अशी झोपायची, की अंगावरून मांजर गेलं तरी कळू नये. पण पहाटे बांग झाली की तिचे डोळे उघडत. तिला वाटे, जहुराबीचा कोंबडा आरवला. कापणीच्या त्या दिवसांत कोणाच्या परड्यात कोण फिरतं, हे बघायला सवड कोणाला होती?

पुनवेच्या आदल्या पहाटे सोनूबाई खोकत बाहेर आल्या आणि त्यांनी मला गडग्यावर पाहिलं. चोच उघडी, मान ताणलेली.

"अगो बाय! कोंबडी आरवते! सगुणा, घर बुडालं गो! माझा पोर दर्यावर हाय, नि ही अवदसा आरवते!"

त्यांनी कोयता काढला. सगुणा मधे आली. सासूला ती आत्याबाई म्हणे.

"आत्याबाई, उद्या पुनव. व्रत पुरं होईस्तवर घरात रक्त नको."

सोनूबाईंनी कोयता खाली केला आणि खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तो राग नव्हता, मित्रांनो. एकुलत्या लेकाची भीती होती ती. त्यांनी मला पडवीत डालग्याखाली कोंडलं, वर वरवंटा ठेवला आणि वाकून म्हणाल्या, "उद्या परत तोंड उघडलंस, तर व्रत नाही नि काय नाही. तिथल्या तिथं."

दुसऱ्या पहाटे आभाळ भरून आलं होतं. ना चंद्र, ना चांदणी. डालग्याच्या फटीतून मला सगुणा दिसत होती, उशाला हात घेऊन गाढ झोपलेली. उजाडायची वेळ मला अंगातून कळते, ती झाली होती. मी थांबले. बाहेरून कोणीतरी आरवेल, म्हणून वाट पाहिली. कोणी आरवलं नाही. मग मी त्या डालग्यात मावेल तेवढी मान वर केली आणि आरवले. एकदा नाही. सगुणा उठून बसेपर्यंत आरवले.

तिनं डालग्याकडे पाहिलं. कळशी उचलून ती विहिरीकडे धावली.

ती तुळशीपुढे दिवा ठेवत होती, तेव्हा सोनूबाई कोयता घेऊन आल्या. वरवंटा बाजूला झाला. माझे दोन्ही पाय त्यांच्या मुठीत होते. तेवढ्यात गडग्यावरून जहुराबीचं डोकं वर आलं. नुकती नमाज उरकून ती आली होती.

"सोनूबाई, तुमच्या कोंबड्याला बरं नाही काय? आज बांग दबकी आली."

"माझा कोंबडा? त्याला कोल्ह्यानं कधीच नेला. आरवतो तो तुझा."

"माझा? तो तर दसऱ्याआधीच मुंबईच्या पाहुण्यांच्या ताटात गेला. मी रोज नमाजेला उठते ती तुमच्या नव्या कोंबड्याच्या बांगेवर!"

सगुणाच्या केसांतून पाणी निथळत होतं. ती म्हणाली, नेहमीसारखंच हळू, पण तिथून हलली नाही, "आत्याबाई, महिनाभर मला हिनं उठवलं. हिचा आवाज वाईट असेल, तर माझं व्रतही वाईट म्हणा."

"बाईनं बाईसारखं ऱ्हावं, कोंबडीनं कोंबडीसारखं," सोनूबाई पुटपुटल्या.

जहुराबीनं गडग्यावर कोपर टेकलं. "व्हय गो सोनूबाई. तुझा घो गेला, धर्मा मांडीवर होता, त्या साली नांगर कोणी धरला? बाईनं नांगराला हात लावला, आता पाऊस रुसणार, असं आख्खा गाव बोलत होता. माझी सास पण बोलली. पिकलं ना तुझं शेत?"

सोनूबाईंची मूठ सैल झाली. मी खाली पडले, पंख झाडले, पण लगेच पळाले नाही. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पिकलं. गावात सगळ्यांपेक्षा जास्त पिकलं." मग त्याच कोयत्यानं त्यांनी तुळशीपुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्यासमोर टाकला. टाकताना म्हणाल्या, "खा, मेले."

धर्माचा मचवा आला, जरा उशिरा, शीड फाटून. तो माझ्यामुळे आला नाही. वाऱ्यामुळे आला. आला नसता, तरी तेही माझ्यामुळे झालं नसतं. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा.

आता मी अंडी देत नाही. उडी मारून फांदी गाठता येत नाही, म्हणून सगुणानं गडग्याशी एक दगड ठेवला आहे. पहाटे बांगेला जरा उशीर झाला, तर आतून सोनूबाईच ओरडतात, "काबरे, मेलीस का जिती हायस?"

मित्रांनो, तुमच्या परड्यातल्या म्हाताऱ्या कोंबडीला मूठभर दाणे आणि पावसात कोरडी जागा द्या. आणि कधी ती आरवलीच, तर सुरी शोधण्याआधी एवढंच विचारा, की कोंबडा गेल्यावर घारीकडे कोण बघत होतं.

मी तर उद्याही आरवणार आहे.