मला कापलं, ते बरंच झालं

मी एक जुनी रबरी नळी आहे. एका म्हाताऱ्या मोटारीत इंजिनाला पेट्रोल पोचवायचं काम मी वर्षानुवर्षं केलं. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी रडगाणं ऐकवतात की आम्हाला टाकू नका, अडगळीत ढकलू नका. मी रडणार नाही. मला गाडीतून कापून काढलं आणि ते बरंच झालं, हे मी छाती ठोकून सांगते. नळीला छाती नसते, हे मलाही कळतं.

रबराच्या दोन थरांमध्ये सुताचं विणकाम घालून मला कारखान्यात घडवलं. आमच्या गाडीत पेट्रोल जोराने फवारलं जाई. पंपाचा रेटा असा, की एखादी लेचीपेची नळी पहिल्याच दिवशी फुटली असती. मी फुटले नाही. गाडीचे मालक बाबा, म्हणजे गाडी आज जिच्याकडे आहे त्या ताईचे वडील. त्यांनी मला स्वतःच्या हाताने बसवलं होतं. सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून ते माझ्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास!" इंजिनाला हा मान कधी मिळाला नाही.

मग बाबा गेले. गाडी शेडमध्ये उभी राहिली. माझ्या पोटातलं पेट्रोल आटलं आणि मी आतून कडक होत गेले. बाहेरून मात्र तशीच काळीभोर दिसत होते.

बऱ्याच काळाने ताईने गाडी चालू करायचं मनावर घेतलं. फवारणीचे सुटे भाग कुठेच मिळेनात, म्हणून ती यंत्रणा काढून पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा साधा कार्बोरेटर बसवायचं ठरलं. कार्बोरेटरला पेट्रोल हळूच लागतं. दांडगा पंप गेला, मवाळ पंप आला. माझी पाळी आली तेव्हा काका आडवे आले. हे बाबांचे धाकटे भाऊ.

"त्या नळीला हात लावायचा नाही. दादानं बसवलीय ती."

"काका, रबर जुनं झालंय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं, ते त्याला खातं. मी या पेट्रोलला टिकणारी नवी आणलीय, कार्बोरेटरच्या मापाची."

"अगं, जिनं एवढा दाब सोसला, तिला हा चिमूटभर दाब काय करणार?"

ऐकायला किती बरोबर वाटतं! मलाही गुदगुल्या झाल्या. पण तरुणपणी पोती उचलणाऱ्या आजोबांना तुम्ही आज पोतं उचलायला लावाल का?

काकांपुढे ताईचं काही चालेना. शेवटी ती म्हणाली, "बरं, पण आधी इंजिन थंड असताना नुसता पंप चालवून बघायचा. गळली तर काढायची."

"नाही गळणार!"

कार्बोरेटरचं तोंड माझ्यापेक्षा बारीक होतं. काकांनी क्लिप आवळून आवळून मला त्यावर बसवलं. जागा बदलल्यामुळे मला कोपऱ्यात वळवावंही लागलं. 'मोडेन पण वाकणार नाही' हे माणसांना शोभतं. नळीवर ही वेळ आली की समजावं, तिचे दिवस भरले. माझे भरले होते आणि मला ते लपवायचं नव्हतं. चार दिवस कसाबसा तग धरायचा आणि मग भर रस्त्यात, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडायचं? ताई गाडीत बसलेली असताना? बाबांच्या अंगठ्याची शपथ, ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

ताईने पंप चालू केला आणि मी वळणावर फाटले, दोघांच्या डोळ्यांदेखत. पेट्रोलची धार गार लोखंडावर पडली.

"बंद कर! बंद कर!" काका ओरडले. ताईने आधीच बंद केला होता.

काका कितीतरी वेळ फडक्याने इंजिन पुसत राहिले. मग म्हणाले, "दे तुझी ती नवी. पण दादाची मीच कापणार."

त्या नव्या पोरीने आल्या दिवसापासून एक थेंब सांडलेला नाही. साधी, काळी, मापात बसणारी आहे. मी तिचा हेवा करत नाही. थोडा करते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण आमच्यावर जीव आहे म्हणून आम्हाला न झेपणारं काम आमच्या गळ्यात मारू नका. आम्ही ऐकणार नाही.

माझा तुकडा आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. हे काय, असं कुणी विचारलं की काका मला खाली काढतात आणि माझ्यावरून अंगठा फिरवतात.

"दादानं बसवलेली," ते सांगतात. "वेळेवर नाही म्हणाली."