मातीत पुरलेली मातीची भिंत

मुलांनो, अशी एक भिंत मनात आणा, जी मातीची आहे आणि मातीतच पुरलेली आहे. आत माती, बाहेर माती, वरही माती. ती शोधायची कशी?

आमच्या इराकमधल्या टेकाडाखाली सुमेरी लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं शहर आहे. तिथे खणताना मुतशर नावाचा खोदकामगार कुदळीच्या आवाजावरून भिंत ओळखायचा. या खेपेला मात्र, इथे भिंत आहे असं सांगून त्याने तीन दिवस खणलं तरी काही दिसेना. मुकादम हाजी गदबान म्हणाले, दुपारच्या नमाजापर्यंत वाट पाहू. नाही दिसली तर खड्डा बुजवायचा आणि मुतशरने कुदळ सोडून टोपल्या वाहायच्या.

भाकरी घेऊन आलेल्या फिद्दाने, मुतशरच्या दहा वर्षांच्या मुलीने, हे ऐकलं. मातीच्या विटा आणि त्यांना जोडणारा चिखलाचा गारा एका वेगाने वाळत नाहीत, हे तिला आजोबांनी शिकवलं होतं. ती गाढवावर डबे लादून कालव्यावर गेली.

"वाळवंटाला पाणी पाजतेस होय गं?" हाजी म्हणाले. "पाज, पाज. खजूर लागले तर मलाही दे."

घाईत तिने डबेच्या डबे ओतले. नुसता राडा झाला. गडी पोट धरून हसले. फिद्दा पुन्हा कालव्यावर गेली. या वेळी तिने खड्ड्याच्या कोरड्या बाजूला झावळीने जेमतेम पाणी शिंपडलं आणि उकिडवी बसून राहिली.

ऊन चढलं. माती फिकी पडत गेली आणि तिच्यात गडद रेघा उरल्या. रेघांमध्ये विटांचे चौकोन, एकाला लागून एक.

पण भिंतीची जागा म्हणून बाबांनी ताणलेल्या दोरीपासून ते हातभर अलीकडे होते, आणि त्यांतले तीन बाबांच्याच कुदळीने कापले गेले होते. अजून कुणी पाहिलं नव्हतं. डबाभर पाणी ओतलं असतं, तर बाबांची चूक झाकली गेली असती.

हाजी काठावर आले. "काय पोरी, सापडली तुझ्या बाबाची भिंत?"

"सापडली, हाजीकाका. पण बाबा तिच्यातच उभे आहेत."

मुतशरने खाली पाहिलं आणि पाय अलगद मागे घेतला.  हाजी म्हणाले, खड्डा बुजवायचा नाही. कुदळ मुतशरकडेच राहील, पण आधी पोरीचं पाणी, मग कुदळ.

फिद्दाने झावळी डब्यात बुडवली आणि भिंत जिकडे वळत होती तिकडे शिंपडायला लागली.