बोटांनी चढायची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. माझ्यावर पाय ठेवून कुणी चढत नाही. चढतात ती बोटं. एका सुताराने उरलेल्या सागवानी फळीला खाचा पाडून मला घडवलं आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आपल्या खोलीच्या भिंतीवर उभं ठोकलं. खांदा आखडलेला माणूस समोर उभा राहतो आणि बोटांनी एकेक खाच चढत हात वर नेतो. इतकंच माझं काम.

नवी यंत्रं आली तशी माझी किंमत उतरली. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. त्याचं मला काही नाही. चीड येते ती अर्धवट सोडून जाणाऱ्यांची.

केस कापणारे काका त्यातलेच. जिन्यावरून पडून त्यांचा खांदा निखळला. बसवल्यावर तो असा आखडला, की कात्रीचा हात गिऱ्हाइकाच्या कानाच्या वर जाईना. तीस वर्षांचं दुकान बंद पडायची वेळ आली. तरी हा बाबा चार दिवस आला आणि गायब झाला. महिन्याने काकू त्यांना चांगल्या हाताला धरून घेऊन आल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. व्यायामाचा कंटाळा, म्हणून काकांनी दुकानातल्या लाकडी खुर्चीचे पायच करवतीने कापले होते. गिऱ्हाइकाचं डोकं खाली आलं, हात वर करायला नको. खांदा मात्र आणखी आवळला.

"आता पुढे काय कापणार काका, गिऱ्हाइकाचे पाय?" ताईंनी विचारलं.

काका माझ्यापुढे उभे राहिले आणि लगेच टाचा उचलून वरची खाच गाठायला निघाले.

"टाचा खाली. मी आंधळी नाही," काकू म्हणाल्या.

ताईंनी पुन्हा समजावलं. आधी शेक, मग ताण. ओढ जाणवेल तिथे थांबायचं, वीस आकडे मोजायचे, श्वास कोंडायचा नाही. कळ आली तर एक खाच उतरायचं. जोर केल्याने सांधा सुटत नाही, चिडतो.

एखाद्या आठवड्यात एक खाच, एखाद्यात तीही नाही. अडीच महिन्यांनी, टाचा जमिनीला टेकलेल्या असताना, काकांचा हात डोक्याच्या पार वर गेला. काकूंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चला, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

काका पुन्हा आले नाहीत. मला तेच हवं होतं.

मित्रांनो, पूर्ण बरे होऊन मला विसरलात तर आनंदच आहे. अर्धवट बरे होऊन विसरलात, तर मी इथेच भिंतीवर आहे. फक्त तेव्हा आणखी खालच्या खाचेपासून चढावं लागेल.